अंगकोरसाठी पाच दिवस

आईला समुद्रमंथन बघायचे आहे. गेल्या दिवाळीत फराळाचे डबे भरून झाल्यावर ती एक जुना दिवाळी अंक चाळत बसली होती, त्यातले एक छायाचित्र तिने माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "हे खरंच एवढं मोठं असेल का गं?" छायाचित्र कंबोडियातल्या अंगकोर वाटच्या भिंतीचे होते. वासुकीला दोन्ही बाजूंनी धरून ओढणाऱ्या देवांची आणि असुरांची लांबच लांब रांग त्यात दिसत होती, आणि ती पानाच्या दोन्ही कडांना कापली गेली होती. आईचे माहेर राजापूर तालुक्यातले. चातुर्मासात घराच्या ओटीवर पोथी लागायची, तिथे तिने ही कथा पहिल्यांदा ऐकली. पुढे प्रत्येक लग्नात मंगलाष्टकांतून चौदा रत्नांची नावे कानांवर पडत राहिली. इतकी वर्षे ऐकलेली गोष्ट कोणीतरी दगडात, माणसाच्या उंचीएवढ्या पट्टीवर, जवळजवळ पन्नास मीटर लांब कोरून ठेवली आहे, हे तिला त्या कापलेल्या छायाचित्रातून जाणवले. अंक तिने परत कपाटात ठेवला नाही, तो अजून जेवणाच्या टेबलावरच आहे.

मला सलग आठ दिवसांची रजा मिळते, त्याहून जास्त नाही. जाण्यायेण्याचे आणि एक दिवस निव्वळ विश्रांतीचा धरून ठेवला, तर हातात पाच दिवस उरतात. आईचे वय एकाहत्तर आहे, उजवा गुडघा दुखरा आहे, आणि उन्हात फार वेळ उभे राहिले की तिला चक्कर येते. म्हणून सुरुवातीला आम्ही सरळ मार्ग धरला आणि एका प्रवासी कंपनीकडून कार्यक्रमपत्रिका मागवली. दोन दिवसांत बारा देवळे, एक तरंगते गाव, नृत्याचा कार्यक्रम आणि खरेदी असे सगळे त्यात तासातासाने मांडलेले होते. आईने चष्मा लावून ती दोनदा वाचली, पेन्सिलीने समासात काहीतरी हिशोब केला आणि विचारले, "आणि बघायचं कधी?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. पत्रिका बाजूला ठेवून मी एक कोरी वही काढली.

बेत आखताना आपण बहुतेक वेळा अंतरे मोजतो, पण एका देवळाकडे आपण किती वेळ नीट पाहू शकतो हे मात्र मोजून बघत नाही. ते मोजण्यासाठी आम्ही एका रविवारी सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडून अंबरनाथला गेलो. तिथले शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचे, शिलाहारांच्या काळातले आहे. शिलालेखात तो शक कोरलेला आहे. आयुष्यभर इतक्या जवळ राहूनही आम्ही तिथे केवळ दर्शनाला जात आलो होतो. त्या दिवशी दर्शन घेऊन झाल्यावर आम्ही बाहेरच्या भिंतीजवळ गेलो आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. आईने दोन दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवले. चुना नाही, माती नाही, कशाचाही थर नाही. एका दगडाची घासलेली कड दुसऱ्याच्या कडेवर इतकी नेमकी बसली होती की नखसुद्धा आत जात नव्हते. पावसापाण्याने मूर्तींचे चेहरे झिजून गेले आहेत, पण एका स्त्रीच्या कमरेवरची मेखला अजून मण्यामण्याने मोजता येते. आईने ती मोजली. साडेआठला आम्ही सुरुवात केली होती. सव्वाअकरा वाजले तेव्हा तीन बाजू पाहून झाल्या होत्या, चौथी राहिली होती, आणि आईचा गुडघा थकला होता.

त्या पावणेतीन तासांनी आमचा सगळा बेत ठरवला. सकाळी एक देऊळ, दुपारी विश्रांती, ऊन उतरल्यावर जमले तर दुसरे. पाच दिवसांत फार तर सात-आठ ठिकाणे. बाकी सगळे सोडायचे, आणि सोडताना हळहळ वाटली तरी सोडायचे.

सोडायचे ठरले की निवडावे लागते, आणि निवडायला काहीतरी धागा लागतो. मला तो शकाच्या आकड्यांत सापडला. अंगकोर ज्यांची राजधानी होती त्या ख्मेर राजांच्या शिलालेखांत कालगणना शकाची आहे. आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर जो शक छापलेला असतो, तोच. लेख संस्कृतात आहेत आणि जुन्या ख्मेर भाषेतही आहेत, लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीच्या वळणातून आलेली आहे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन मिळतो, हे गणित मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मी वहीच्या डाव्या बाजूला ख्मेर देवळांचे शक लिहीत गेले आणि उजव्या बाजूला त्याच सुमाराच्या आपल्या गोष्टी. दुसऱ्या जयवर्म्याने कुलेन पर्वतावर स्वतःला सार्वभौम राजा म्हणवून घेतले ते शके ७२४, इसवी सन ८०२. वेरूळचे कैलास लेणे त्याच्या आधीच्या शतकातले. बाफुओन हे प्रचंड देऊळ अकराव्या शतकाच्या मध्यावरचे, म्हणजे आमच्या अंबरनाथच्या आगेमागेच. आणि एक नोंद लिहिताना माझा हात थांबला. चीनच्या दरबारातून आलेला झोऊ दागुआन अंगकोरला पोहोचला तो १२९६ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे शके १२१८ मध्ये. जवळजवळ वर्षभर तो तिथे राहिला. राजाची मिरवणूक, बाजारात व्यापार करणाऱ्या बायका, घरांची छपरे, सगळे त्याने लिहून ठेवले आणि आज अंगकोरच्या रोजच्या जगण्याबद्दल आपल्याला जे कळते त्यातले पुष्कळसे त्याच्यामुळे कळते. त्याच शके १२१८ च्या कार्तिकात आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही तो आकडा वहीत शेजारी शेजारी दोनदा लिहिल्यावर अंगकोर मला इतिहासाच्या पुस्तकातले राहिले नाही. त्या शहरात तेव्हा सकाळ होत होती, चुली पेटत होत्या, असे वाटू लागले.

मग ठरले की देवळे ज्या क्रमाने बांधली गेली, साधारण त्याच क्रमाने पाहायची. सगळे लोक पहिल्या पहाटे अंगकोर वाटला जातात आणि मग उलट मागे येतात. त्यामुळे आधीची देवळे फिकी वाटतात, असे बऱ्याच जणांकडून ऐकले. आम्ही पहिल्या दिवशी रोलुओसला जाणार आहोत. अंगकोरजवळच्या सिएम रीप या शहरापासून ते तेराएक किलोमीटर आहे. तिथले प्रिआ को हे विटांचे देऊळ ८७९ मधले. 'को' म्हणजे आपला 'गो'. शिखरांसमोर बसलेल्या दगडी नंदींवरून हे नाव पडले. जवळच बाकोंग आहे, शके ८०३, इसवी सन ८८१. पाच टप्प्यांचा, मेरू पर्वताच्या कल्पनेने उभारलेला हा दगडी डोंगर पुढच्या सगळ्या मोठ्या ख्मेर देवळांचा पूर्वज म्हणावा असा आहे. एवढे एक देऊळ आधी नीट पाहिले, तर पुढे अंगकोर वाटची पाच शिखरे आणि त्याभोवतीचा खंदक म्हणजे काय, हे आईला मला समजावून सांगावे लागणार नाही. पाच शिखरे मेरूची, खंदक समुद्राचा.

या वाचनात आईने एक गोष्ट माझ्याआधी ओळखली. ख्मेर देवळांचे पाये, आतले भराव आणि बाहेरच्या तटभिंती तांबूस, सच्छिद्र दगडाच्या आहेत, त्याच्या एका जवळून काढलेल्या छायाचित्राकडे पाहून ती म्हणाली, "हा तर जांभा." होता तो जांभाच. तिच्या माहेरचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि वारा लागला की घट्ट होत जातो, हे तिने लहानपणी पाहिलेले. ख्मेर गवंड्यांनीही त्याचा असाच उपयोग केला: वजन पेलायला जांभा, आणि कोरीव कामासाठी वर वाळूचा दगड, जो कुलेनच्या पायथ्याच्या खाणींतून कालव्यांवाटे आणला जाई. वाळूच्या दगडांत ठिकठिकाणी बोटभर गोल भोके दिसतात. दगड उचलताना आणि एकमेकांवर घासून बसवताना त्यांत खुंट्या घालत असत. कमान त्यांनी आपल्याकडच्या जुन्या देवळांप्रमाणेच दगड थोडा थोडा पुढे सरकवत वर मिळवली. त्यामुळे दालने अरुंद राहिली, आणि म्हणूनच त्यांनी ती लांबच लांब केली असावीत असे मला वाटते.

दुसरा दिवस पूर्ण बांतेय स्रेईला दिला आहे. ही निवड माझी. हे देऊळ शहरापासून तासभराच्या वाटेवर आहे, राजाने बांधलेले नाही आणि मोठेही नाही. मधले शिखर दहा मीटरांच्याही आत आहे. यज्ञवराह नावाच्या विद्वानाने, जो पुढे पाचव्या जयवर्म्याचा गुरू झाला, ते शके ८८९ मध्ये, म्हणजे इसवी सन ९६७ मध्ये शिवाला अर्पण केले. गुलाबी छटेचा बारीक कणांचा दगड आणि त्यावर लाकडावर करावे तसे खोल कोरीव काम. दक्षिणेकडच्या ग्रंथालय म्हटल्या जाणाऱ्या लहान इमारतीवर रावण कैलास हलवतो आहे, ते शिल्प मी संगणकावर इतके मोठे करून पाहिले आहे की त्याचे तुकडे तुकडे पाठ झाले आहेत. कैलास म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा. सगळ्यात वर शंकर, त्याच्या अंगाला बिलगलेली पार्वती. खालच्या पायऱ्यांवर दाढीवाले ऋषी, त्यांच्या खाली प्राण्यांची तोंडे असलेले गण, आणि तळाशी हत्ती, सिंह, पळत सुटलेली जनावरे. रावणाची तोंडे एकावर एक रचून त्यांचाच एक लहान मनोरा झाला आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात हाच प्रसंग आहे, आणि तो ज्याने पाहिला आहे त्याला हे दुसरे शिल्प पाहताना दोन्ही शिल्पे डोळ्यांपुढे ठेवता येतात. वेरूळला सगळा जोर रावणाच्या दंडांत आणि वर घाबरून मागे सरकलेल्या पार्वतीत एकवटलेला आहे; अंधारात तो प्रसंग घडतो. इथे सगळा डोंगर, त्यावरची सगळी वस्ती दिसते. कथाकाराने नायकांपेक्षा भेदरलेल्या जनावरांकडे जास्त वेळ पाहिले आहे. मला हे दुसरे पाहणे फार आवडते, आणि त्यासाठी सकाळचा पहिला प्रकाश तिथे पोहोचेल अशा वेळी निघायचे आम्ही ठरवले आहे, कारण हे शिल्प पूर्वेला तोंड करून आहे.

याच देवळातल्या मूर्ती १९२३ मध्ये आंद्रे मालरो या तरुण फ्रेंच माणसाने, जो पुढे फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला, उपटून पळवल्या होत्या. त्या सापडल्या आणि परत बसवल्या गेल्या. पण याच देवळाची सुंद-उपसुंद आणि तिलोत्तमेची त्रिकोणी शिल्पपट्टी आजही पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. ती जागेवर दिसणार नाही, हे मी आईला आधीच सांगून ठेवले आहे. ती काही बोलली नाही, फक्त वहीत त्या ओळीखाली रेघ मारली.

तिसरा आणि चौथा दिवस अंगकोर वाटचा. दोन दिवस एकाच देवळाला दिल्यावर ऐकणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या येतात, पण याला कारण आहे. दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलेले हे देऊळ बहुतेक ख्मेर देवळांसारखे पूर्वाभिमुख नसून पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे समोरच्या बाजूची शिल्पे दुपारनंतर उजळतात आणि मागच्या बाजूची सकाळी. शिल्पांची ओवरी साधारण दोनशे पंधरा मीटर लांब आणि एकशे सत्त्याऐंशी मीटर रुंद चौकोन करते, म्हणजे एक पूर्ण फेरी आठशे मीटर भरते. एका दमात ही फेरी केली की शेवटच्या भिंतींपाशी डोळे बघायचे थांबतात. आम्ही ती दोन भागांत करणार आहोत. तिसऱ्या दिवशी दुपारी तीननंतर पश्चिमेकडून आत जाऊन कुरुक्षेत्र आणि लंकेचे युद्ध. कुरुक्षेत्राच्या भिंतीवर दोन्ही सैन्ये दोन टोकांकडून मध्याकडे चालत येतात, आधी शिस्तीत आणि मग एकमेकांत गुंतत जातात, आणि एका बाजूला शरशय्येवर भीष्म आहेत. आईला भीष्म बघायचे आहेत. समुद्रमंथनानंतर तिच्या यादीत दुसरे नाव तेच आहे.

समुद्रमंथनासाठी चौथ्या दिवशी सकाळी पूर्वेच्या दाराने जायचे. तिकडून झाडीतल्या मातीच्या वाटेने चालत गेले की मोठा दगडी पूल आणि पुढचा लांब मार्ग टळतो, गर्दी कमी असते, आणि पूर्वेच्या ओवरीतले समुद्रमंथन दारापासून फार लांब राहत नाही. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला घेऊन जाणाऱ्यांसाठी ही वाट मुद्दाम लिहून ठेवते. एका बाजूला ब्याण्णव असुर आहेत, दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याऐंशी देव, मध्ये मंदार पर्वताशी विष्णू, खाली कूर्म. देवांच्या रांगेच्या टोकाला वासुकीची शेपटी धरून एक प्रचंड वानर उभा आहे, त्याला बहुतेक जण हनुमान मानतात. पुराणातल्या आपल्या कथेत तो तिथे नाही. वर अप्सरांचे थवे आहेत. पण मला ज्या भागाकडे आईचे लक्ष वेधायचे आहे तो सगळ्यात खाली आहे. समुद्राच्या पट्टीत मासे, मगरी आणि जलचर कोरले आहेत, आणि ते मंथनाच्या मध्याजवळ जसजसे येतात तसतसे तुटत जातात. अगदी रवीपाशी माशांची नुसती अर्धी अंगे उरली आहेत. ताक घुसळताना रवीपाशी काय होते हे ज्या माणसाने रोज पाहिले असेल त्यालाच हे सुचावे.

मधल्या शिखराच्या वरच्या मजल्यावर, बाकानवर, जाण्याच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत. मूळ दगडी पायऱ्यांवर आता लाकडी जिना बसवला आहे, तरी तोही खडाच आहे. आम्ही घरी शिडी भिंतीला लावून पाहिली. आई चार पायऱ्या चढली आणि स्वतःच खाली उतरली. तो प्रश्न तिथेच मिटला.

पाचवा दिवस सातव्या जयवर्म्याचा. तो बाराव्या शतकाच्या शेवटाचा, बौद्ध महायान पंथाचा राजा. त्याने ता प्रोम हे मठ-मंदिर ११८६ मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ उभारले आणि तिच्या रूपात प्रज्ञापारमितेची, म्हणजे बौद्धांच्या प्रज्ञेच्या देवतेची, मूर्ती बसवली. तिथल्या शिलालेखात आत राहणाऱ्या १२,६४० माणसांची नोंद आहे, त्यांत ६१५ नर्तकी. आणि राज्यभरातल्या १०२ रुग्णालयांचीही, ज्यांना लेखांत आरोग्यशाला असा शब्द आहे. भिंतींवर झाडांची मुळे चढलेली प्रसिद्ध छायाचित्रे याच देवळातली. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे लोक इथे २००४ च्या सुमारापासून कंबोडियाच्या यंत्रणेबरोबर दुरुस्तीचे काम करत आले आहेत. त्याआधी १९८६ ते १९९३ या काळात, जेव्हा तिथे यादवी संपलेली नव्हती आणि जंगलात सुरुंग पेरलेले होते, तेव्हा याच विभागाची पथके अंगकोर वाटवर काम करत होती. दगड साफ करण्यासाठी त्यांनी वापरलेल्या रसायनांवर पुढे टीका झाली, आणि ती टीकाही आपण वाचली पाहिजे. पण बहुतेक देश दूर उभे असताना कोणीतरी तिथे जाऊन ढासळणारे दगड सावरले, याचा मला अभिमान वाटतो.

ता प्रोमनंतर बायोन, म्हणजे चारही दिशांना पाहणाऱ्या चेहऱ्यांची शिखरे. त्याच्या बाहेरच्या ओवरीत युद्धाच्या जोडीला साधी माणसे कोरली आहेत: बाजारातल्या कोळणी, कोंबड्यांची झुंज, मोठ्या भांड्यात शिजणारा भात, बाळंत होणारी बाई. आणि बायोनपासून थोड्याच अंतरावर बाफुओन. ते चढायचे नाही, समोर बसून नुसते पाहायचे. फ्रेंच स्थापत्यतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात ते दुरुस्तीसाठी दगड दगड करून उतरवले. सुमारे तीन लाख दगड आसपासच्या जंगलात ओळीने मांडले, प्रत्येकाची जागा कागदांवर नोंदली. मग युद्ध आले, ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट आली, आणि राजधानी नॉम पेनमध्ये ठेवलेले ते सगळे कागद नष्ट झाले. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले तेव्हा रानात तीन लाख दगड होते आणि कुठला कुठे बसतो हे सांगणारे काही नव्हते. सोळा वर्षे लागली. प्रत्येक दगडाची कड एकाच शेजाऱ्याच्या कडेवर नेमकी बसते, कारण मूळ बांधकामात चुना नव्हता. तीच नेमकी कड त्यांच्या कामाला आली. अंबरनाथला आईने सांध्यावरून फिरवलेले बोट मला हे वाचताना आठवले. बाफुओनसमोर आम्ही एक पूर्ण संध्याकाळ बसणार आहोत.

जे सोडले त्याची यादी मोठी आहे. क्बाल स्पिअनला नदीच्या तळावर हजारो शिवलिंगे आणि शेषशायी विष्णू कोरले आहेत, पण तिथवर जंगलातला चढ आहे. कोह केर आणि बेंग मिआलिआ लांब पडतात. प्रिआ विहिअर हे कड्यावरचे शिवमंदिर मला लहानपणापासून माहीत आहे, कारण त्यावरून थायलंड आणि कंबोडिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते आणि १९६२ मध्ये ते कंबोडियाचे ठरले. पण २०२५ मध्ये त्याच सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या, माणसे मेली, हजारो लोकांना घरे सोडावी लागली. तिथे जाण्याचा विचार आम्ही केला नाही. जमिनीवरून थायलंडमार्गे जाण्याचाही नाही.

खरी हळहळ एका दगडाची आहे. मेकाँगकाठच्या सांबोर इथे सापडलेल्या त्या लेखात शके ६०५, वद्य पंचमी अशी तिथी आहे, आणि त्या ६०५ मधले शून्य एका ठिपक्याने लिहिलेले आहे. इसवी सन ६८३. तारीख घातलेल्या लेखातले शून्याचे इतके जुने चिन्ह जगात क्वचितच सापडते. तो दगड नॉम पेनच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे, आणि सिएम रीपहून नॉम पेन म्हणजे रस्त्याने पाच-सहा तास. दोन रात्री मी नकाशा पुढे घेऊन बसले. तो सोडला.

एक गोष्ट मात्र बेतात कुठेही बसत नाही आणि तरी सगळ्यात आधी ठरवावी लागली. आमच्या ओळखीत ज्यांना ज्यांना या सहलीबद्दल कळले, त्यांतल्या बहुतेकांनी आनंदाने म्हटले, "अगं, ते आपलंच आहे." या वाक्यामागचे प्रेम मला समजते. पण ते मला पटत नाही. कथा इकडून गेल्या, लिपी गेली, शकही गेला, हे खरे. पण दगड ख्मेर माणसांनी वाहिले, पाण्याची आठ किलोमीटर लांबीची तळी त्यांनी खोदली, वानराला समुद्रमंथनात त्यांनी उभे केले. पुढे तिथे थेरवादी बौद्ध धर्म आला आणि अंगकोर वाट बुद्धाचे झाले, पण ओस कधी पडले नाही. १६३२ मध्ये एका जपानी यात्रेकरूने, उकोंदायू काझुफुसाने, तिथल्या खांबावर आपल्या यात्रेची नोंद शाईने लिहिली. तो त्याला जेतवन, म्हणजे भारतातला बुद्धाचा विहार, समजत होता. तरीही १८६० मध्ये आलेल्या आंरी मुओ या फ्रेंच प्रवाशाने अंगकोर 'शोधले' असे वर्षानुवर्षे छापले गेले. एकाने शोधले म्हणायचे, दुसऱ्याने आपलेच म्हणायचे. ज्यांचे आहे त्यांच्याकडे वळून बघायचे राहून जाते. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या चार वर्षांत ज्या देशाने आपली लाखो माणसे गमावली, त्याने आपल्या झेंड्यावर हे देऊळ कायम ठेवले. आम्ही तिथे पाहुणे म्हणून जाणार आहोत. माहेरची गोष्ट दुसऱ्या घरात वेगळ्या चालीवर ऐकायला मिळावी, एवढीच अपेक्षा आहे.

बाकीची तयारी लवकर आटोपली. मुंबईहून बँकॉक किंवा क्वालालंपूरमार्गे विमानाने सिएम रीप; तिथला नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो शहरापासून जवळजवळ तासाभराच्या अंतरावर आहे, हे गाडी ठरवताना लक्षात घ्यावे लागले. व्हिसा ऑनलाइन. देवळांचा पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत केव्हाही वापरता येतो, पण आम्ही पाचही दिवस जाणार म्हणून सात दिवसांचा घेतो आहोत. प्रत्येक पासमागे दोन डॉलर तिथल्या मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात. डॉलरच्या नोटा कोऱ्या लागतात, जराशी फाटलेली नोट कोणी घेत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे आईच्या साड्यांचा प्रश्नच नाही; साडीखाली बूट घालून चालायचा सराव ती रोज संध्याकाळी गच्चीवर करते आहे. ती मांसमच्छी खात नाही आणि तिथल्या स्वयंपाकात माशांचे आंबवण सर्रास असते, म्हणून भाजणी, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे बरोबर असेल.

शेवटची गाठ कॅलेंडरने सोडवली. बाकानचा वरचा मजला बौद्ध उपोसथाच्या दिवशी, तिथे ज्याला शीलाचा दिवस म्हणतात त्या दिवशी, पर्यटकांसाठी बंद असतो. हे दिवस चांद्र तिथींवर ठरतात: पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टम्या. मी फोनवर तारखा शोधत असताना आईने भिंतीवरचे कालनिर्णय काढून टेबलावर ठेवले आणि जानेवारीच्या पानावर बोट फिरवत आमच्या समुद्रमंथनाच्या सकाळपाशी थांबली. पौष शुद्ध अष्टमी.

"बघ, नेमकी अष्टमीच आली," मी म्हटले. "चौथा दिवस पुढे ढकलू या का? पाचव्याशी अदलाबदल करता येईल."

"कशाला? वर मी चढणारच नाहीये."

"मी चढले असते."

"तू पुन्हा ये, माझ्या वयाची व्हायच्या आत." मग चष्मा काढून तिने विचारले, "त्या दिवशी तिथली माणसं देवळात येत असतील ना गं? पश्चिमेच्या दारात तो आठ हातांचा विष्णू आहे म्हणालीस, ज्याची ते अजून पूजा करतात. त्याला काय वाहतात?"

उदबत्ती आणि कमळाच्या कळ्या, मी सांगितले.

"मग अष्टमीच ठेव," आई म्हणाली, आणि पेन्सिलीने त्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिले: सकाळी पूर्वेचे दार. नंतर पश्चिमेला, कळ्या घेऊन.